टकळीच्या टाकीचं पाणी

आजोबांचं माशांचं दुकान होतं. खायच्या माशांचं नव्हे, बघायच्या. हा खुलासा त्यांना चाळीस वर्षं करावा लागला, कारण "माझं माशांचं दुकान आहे" म्हटलं की समोरचा माणूस मनातल्या मनात पिशवी शोधू लागायचा. दुकानात चौदा काचेच्या टाक्या होत्या, एक लाकडी स्टूल होतं आणि भिंतीवर एक पाटी होती. पाटीवर तीन नियम होते. काचेवर टिचकी मारू नये. पाणी बदलताना बोलू नये. बदलायला घेतलेलं पाणी अर्ध्यावर सोडू नये.

पहिला नियम गिऱ्हाइकांसाठी होता आणि तो कोणी पाळत नसे. दुसरा आणि तिसरा दुकानातल्या माणसांसाठी होते. दुकानातली माणसं दोनच होती. एक आजोबा, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांची सात वर्षांची नात.

नातीला सगळे टकळी म्हणत. बारशाला ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. पोरगी उठल्यापासून बोलायची ती झोपेपर्यंत, आणि झोपेतही बोलायची. फरक एवढाच की झोपेत ती उत्तराची वाट बघायची नाही. तिचं तोंड बंद राहायचं ते फक्त दुकानात, पाणी बदलताना. त्या अर्ध्या तासात तिच्यातून हूं की चूं निघत नसे. घरी तिची आई कधीकधी फोन करून विचारायची, "बाबा, आज पाणी बदलणार आहात का? नाही म्हणजे, माझं डोकं चढलंय."

पाणी बदलताना दोघं खुणांनी बोलत. अंगठा वर म्हणजे 'चालू दे'. पाचही बोटं ओठांपाशी आणून उघडमीट केली म्हणजे 'मासे वर आलेत'. मासे पाण्यावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की समजायचं, टाकीत काहीतरी बिनसलंय, धावा. आता ही गोष्ट गिऱ्हाइकासमोर ओरडून सांगण्यात दुकानाची शोभा नसते, म्हणून ती खूण. 'थांब' अशी खूण मात्र नव्हती. तिसऱ्या नियमामुळे तिची कधी गरजच पडली नव्हती.

टकळी आजारी पडली ती अगदी शिस्तीत. आधी सर्दी झाली. ती बरी झाली. सगळे निर्धास्त झाले. आणि मग एका सुट्टीच्या सोमवारी ती दुकानात स्टुलावर चढायला गेली तर पाय चढेनात.

"आजोबा, स्टूल उंच झालंय," ती म्हणाली.

आजोबांनी स्टुलाकडे बघितलं. चाळीस वर्षांत ते वाढलं नव्हतं. बुधवारपर्यंत तिला जिनाही उंच वाटू लागला आणि गुरुवारी ती मुलांच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सांगायची हातोटी चांगली होती. त्या म्हणाल्या, सर्दीशी लढायला शरीराने जे शिपाई उभे केले, त्यांना लढाई संपल्याचं कळलेलंच नाही. रिकामे शिपाई काय करणार? ते आता पायांकडे जाणाऱ्या नसा कुरतडताहेत. हे शिपाई असतात रक्तातल्या पिवळ्या पाण्यात, त्याला प्लाझ्मा म्हणतात. तर ते पाणी यंत्राने बाजूला काढायचं, टाकून द्यायचं आणि त्याच्या जागी दुसरं घालायचं. एक दिवसाआड, पाच वेळा. दर वेळी अडीच-तीन तास.

"पाय परत येतील?" आजोबांनी विचारलं.

"बहुतेक मुलांचे येतात. जितकं लवकर सुरू करू तितकं बरं."

शुक्रवारी टकळीला गुंगीचं औषध देऊन मानेपाशी मोठ्या शिरेत नळी बसवली. त्या धांदलीत तिला आधी काही सांगायचं राहून गेलं. जागी झाली तर मानेवर पट्टी, आणि पट्टीतून बाहेर आलेल्या दोन शेपट्या, एक लाल टोपणाची, एक निळ्या. तिने आरसा मागितला. दोन मिनिटं बघितलं. मग निकाल दिला.

"मला न विचारता माझ्यात नळ बसवलाय. आता त्याला कोणी हात लावायचा नाही."

कोणी नाही म्हणजे कोणी नाही. सिस्टर पट्टी बघायला आल्या तर तिने हनुवटी खाली घालून नळी झाकून टाकली आणि रात्रभर तशीच झोपली. शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बाजूला घेतलं. "उद्या दहा वाजता सुरू करायचंय. पुन्हा गुंगी देता येईल, पण माझ्या मनात नाही. झोपलेलं मूल कसं वाटतंय ते सांगत नाही, आणि तिने सांगणं मला हवंय. शिवाय पहिल्या खेपेला जबरदस्ती झाली, तर पुढच्या चार खेपा म्हणजे चार लढाया. तेव्हा उद्यापर्यंत तिची समजूत काढा."

समजूत काढणं हा त्या घराचा कच्चा विषय होता.

पहिला प्रयत्न आईने केला. टकळीची आई पाणीपुरवठा खात्यात होती आणि नागरिकांना पाणी येणार नसल्याच्या सूचना लिहिणं हे तिचं काम होतं. बारा वर्षं ती ते चोख करत होती, त्यामुळे तिची भाषा जराशी कडक इस्त्रीची झाली होती. हॉस्पिटलने दिलेल्या माहितीपत्रावरून तिने तेरा कलमं काढली आणि खाटेशेजारी बसून वाचली. उद्या सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत प्लाझ्मा बदलण्याचं काम हाती घेण्यात येईल. त्याआधी वजन करण्यात येईल. शी-शू आधीच उरकून घ्यावी. थंडी वाजल्यास पांघरूण मागावं. नळी ओढू नये. ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्यास तत्काळ सांगावं.

टकळीने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे उद्या आपल्याकडे पाणी येणार नाही?"

"नाही गं, तसं नाही."

"मग बादल्या भरून ठेवल्यास का?"

दुसरा प्रयत्न बाबांनी केला. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. बारा मजल्यांच्या पोकळीत दोराला लोंबकळून फोनवर गप्पा मारणारा गडी, पण सुई दिसली की तळमजला गाठायचा. ते म्हणाले, "हे बघ बेटा, लिफ्टचा जुना दोर काढून आम्ही नवा घालतो ना, अगदी तसं."

"जुना दोर काढल्यावर लिफ्ट कशाला धरून असते?"

"तिला आम्ही आधी टेकू देतो."

"टेकू निसटला तर?"

बाबा उत्तर द्यायला पुढे वाकले आणि तेवढ्यात त्यांना मानेवरच्या दोन शेपट्या दिसल्या. ते म्हणाले, "निसटत नाही," आणि भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. सिस्टरनी त्यांना पाणी दिलं आणि बाहेरच्या बाकावर पिशव्या सांभाळायच्या कामावर नेमलं. ते काम त्यांनी शेवटपर्यंत उत्तम केलं.

राहिले आजोबा. आजोबांची आणि टकळीची खरी ओढ होती, पण लेकीचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. "बाबा, तुम्ही काहीतरी गोष्ट रचून सांगाल," ती म्हणाली. "ही गोष्ट नाहीये. ही तेरा कलमं आहेत."

"आण ती इकडे," आजोबा म्हणाले. "तेराच्या तेरा सांगतो. फक्त तुझ्या भाषेत नाही सांगणार. त्या भाषेत मला मोठेपणीही काही कळलेलं नाही."

दुपारी ते दुकानातून एक पिशवी घेऊन आले. दारावरच्या पहारेकऱ्याने हटकलं. "आजोबा, जिवंत प्राणी आत न्यायला मनाई आहे."

"यात जिवंत प्राणी एकच आहे, तो पिशवी धरून उभा आहे," आजोबा म्हणाले. पिशवीत काचेची बरणी होती, रबरी नळी होती, चहाची गाळणी होती आणि एका तुटलेल्या माळेचे लाल मणी होते.

खाटेवरच्या टेबलावर त्यांनी बरणी मांडली, पाणी भरलं, टकळीच्या रंगपेटीतला पिवळा रंग त्यात कालवला आणि वरून मणी सोडले. टकळी हनुवटी खाली घालून बघत होती. विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ते दीड मिनिट टिकलं.

"हे काय आहे?"

"ही तू."

"मी बरणी?"

"बरणी म्हणजे तुझं अंग. लाल मणी म्हणजे तुझ्या रक्तातले मासे. सगळ्या अंगभर हवा पोचवतात."

"किती आहेत?"

"मोजायला बसलो तर दुकान बंद करावं लागेल."

"मासे आजारी आहेत?"

"मासे ठणठणीत आहेत. पाणी बिघडलंय."

हे ऐकून टकळीची हनुवटी जराशी वर आली. मासा वाईट नसतो, पाणी वाईट असतं, हे तिला तान्ह्या वयापासून ठाऊक होतं. मासे मेल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आजोबा तेच ऐकवत आणि मागोमाग विचारत, "पाणी कसं बदललंत?" गिऱ्हाईक म्हणे, "सगळं एकदम." मग आजोबा आणि टकळी एकमेकांकडे बघून सुस्कारा सोडत.

"सगळं एकदम काढणार?" टकळीने आता घाईने विचारलं.

"म्हणजे मी काय तुला अडाण्यांच्या हाती देईन? थोडं काढायचं, थोडं घालायचं. तुझ्या मानेला हा जो नळ आहे ना, त्याची लाल शेपटी बाहेर जायची आणि निळी आत यायची. शेजारी यंत्र असतं, ते गरगर फिरतं. मासे एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला. मासे नव्या पाण्यासकट परत, जुनं पाणी पिशवीत."

"दुखतं?"

 खोटं बोलायची आजोबांना भरपूर सवय होती, पण पाण्याच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले नव्हते. "नळ बसवताना दुखलं असतं, म्हणून तुला झोपवलं. सांगायला हवं होतं, आम्ही चुकलो. पाणी बदलताना दुखत नाही. गार वाटतं, कंटाळा येतो. तीन तास पडून राहायचं. मधे उठून शूला जाता येत नाही, म्हणून आधीच जायचं."

मग त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवायला घेतलं. नळीचं एक टोक बरणीत टाकलं, दुसरं सवयीने तोंडात धरलं आणि पाणी ओढलं. नेमक्या त्याच वेळी सिस्टर आत आल्या. आजोबांच्या मिशांवर पिवळा रंग होता आणि जमिनीवर ओघळ.

"आजोबा," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "उद्या आम्ही असं करणार नाही, एवढं तिला सांगाल ना?"

टकळीने सिस्टरना आपादमस्तक न्याहाळलं. "उद्या पाणी तुम्ही बदलणार?"

"हो."

"याआधी किती जणांचं बदललंय?"

"मोजलेलं नाही. वहीत बघून सांगू?"

"मासे मेले का कुणाचे?"

सिस्टरनी बरणीकडे बघितलं, मण्यांकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. "एकाचेही नाही," त्या म्हणाल्या. "सबंध वेळ मी खाटेशेजारीच असते. यंत्रावर एक डोळा, तुझ्यावर एक."

"तुम्ही पाणी बदलताना बोलता?"

"बोलते की."

टकळीच्या कपाळावर आठी पडली. "आमच्याकडे नाही बोलत."

सिस्टर हसल्या आणि पुसायला फडकं आणायला गेल्या. आजोबाही हसले. तिथे हसायला नको होतं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

संध्याकाळपर्यंत कलमांचे मासे करून झाले. वजन करायचं, कारण टाकी केवढी यावर पाणी किती ते ठरतं. पांघरूण, कारण नवं पाणी गार असतं. नळी ओढायची नाही, कारण नळी निघाली तर दुकानात केवढा राडा होतो हे दोघांनी मागच्याच वर्षी पाहिलं होतं. अकराव्या कलमापाशी आजोबा अडले. मुंग्या. ओठांना मुंग्या येणारा मासा काही त्यांच्या पाहण्यात नव्हता. 'हे मागाहून बघू' म्हणून ते बाराव्याकडे वळले, आणि मागाहून म्हणजे कधी, हे मनुष्यजातीला अजून ठरवता आलेलं नाही.

"ठीक आहे," शेवटी टकळी म्हणाली. "पण जुनं पाणी मला दाखवायचं."

"दाखवू."

"आणि अर्ध्यावर सोडायचं नाही."

"दुकानाचा नियम आहे," आजोबा छाती पुढे काढून म्हणाले. "अर्धं पाणी बदललेली टाकी म्हणजे अर्धी केलेली दाढी."

रविवारी सकाळी दहाला यंत्र आलं. उभं कपाट, त्याला चाकं, अंगावर नळ्यांची वळणं, वर पिशव्या टांगलेल्या. टकळीने वजन करून घेतलं, आईच्या कडेवरून शूला जाऊन आली, पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि हनुवटी वर करून मान दिली. आईने डोळे टिपले. दाराच्या काचेतून बाबा बघत होते. ते टकळीच्या पायांकडेच बघत होते, त्याहून वर बघायची डॉक्टरीणबाईंनी त्यांना मनाई केली होती.

सिस्टरनी शेपट्या जोडल्या. "आजोबा, मुंग्यांचं सांगितलंत ना तिला?"

आजोबा त्या वेळी यंत्र बघत होते. चाळीस वर्षं ज्याने तोंडाने पाणी ओढलं, त्याच्यासमोर देवाने पंप उभा करावा, तसं त्यांचं झालं होतं. "सगळं सांगितलंय, सगळं," ते म्हणाले.

"काही वाटलं तर सांगायचं हं," सिस्टर टकळीला म्हणाल्या.

टकळीने अंगठा वर केला. यंत्र गुरगुरलं आणि सुरू झालं.

आणि टकळी गप्प झाली.

पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांना कौतुक वाटलं. सिस्टर म्हणाल्या, "किती गुणी मूल आहे. नाहीतर इथे काय आरडाओरडा असतो." रक्तदाब मोजला. "बरं वाटतंय?" अंगठा वर. "चालू ठेवू?" अंगठा वर. पिशवीत पिवळं पाणी थेंबथेंब साठू लागलं. आजोबा खुर्ची ओढून यंत्रापाशी बसले आणि चष्मा सारखा करून आतली चकती कशी फिरते ते बघू लागले. आईने मासिक उघडलं. तिने सात वर्षांत पहिल्यांदा एक सबंध पान सलग वाचलं.

अर्धा तास झाला. आईने पान उलटलं आणि तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. काय चुकतंय ते कळेना. घड्याळ बंद पडलं की टिकटिक थांबल्याचं जसं उशिरा लक्षात येतं, तसं.

"बेटा, काही हवंय?"

टकळीने नकारार्थी मान हलवायची ती अगदी केसभर हलवली. मग ओठ आत ओढून घेतले. मग बाहेर काढले. मग जिभेने चाटले. तिच्या डोळ्यांत विचार चालला होता. थोड्या वेळाने तिने पांघरुणातून हात काढला, पाचही बोटं ओठांपाशी आणली आणि उघडमीट केली.

"भूक लागली वाटतं," आई म्हणाली.

"होईलच आता," सिस्टर म्हणाल्या. "संपलं की छान खायला देऊ."

टकळीने पुन्हा बोटांची उघडमीट केली, जरा जोरात. तिची नजर आईकडे नव्हती, सिस्टरकडेही नव्हती. ती आजोबांच्या पाठीकडे बघत होती.

"आवडतं बिस्किट देणार आहेत तुला," आई म्हणाली. "बाबा, बघा हो, हिला भूक लागलीय."

आजोबा मागे वळले. बोटं उघडली, मिटली. उघडली, मिटली.

म्हातारा माणूस खुर्चीवरून इतक्या झटकन उठलेला त्या खोलीने पाहिला नव्हता. "सिस्टर," ते म्हणाले, "मासे वर आलेत."

"कुठले मासे?"

"टाकीत काहीतरी बिनसलंय. ती सांगतेय. भूक नाहीये ती." आणि टकळीच्या उशाशी वाकून, "काय होतंय, बोल."

टकळीने ओठ घट्ट मिटले आणि डोळ्यांनी भिंतीकडे खूण केली, जिथे दुकानात पाटी असते. इथे त्या जागी हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र होतं. पण आजोबांना पाटी दिसली. दुसरा नियम दिसला, तिसरा दिसला, आणि त्या दोहोंच्या खाली, मागाहून बघू म्हणून सोडलेलं अकरावं कलमही दिसलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या दुकानाची लाज वाटली.

"नियम रद्द," ते म्हणाले. "दोन्ही. दुकान माझं आहे, मी रद्द केले. बोल."

"अर्ध्यावर सोडाल," टकळी ओठ न हलवता पुटपुटली.

"सोडत नाही कोणी. बोल."

"ओठांवर काहीतरी चावतंय. बारीक बारीक. बोटांना पण. मला वाटलं, नवे मासे आहेत, सवय नसेल त्यांना."

सिस्टरचे हात तोवर यंत्रावर पोचले होते. त्यांनी वेग कमी केला, एक औषध घेतलं आणि दुसऱ्या नळीतून सावकाश सोडलं. "कधीपासून चावतंय?"

"त्या बाईंच्या मासिकाच्या पहिल्या पानापासून."

"ती बाई तुझी आई आहे," आई म्हणाली, आणि मग तिला रडू आलं आणि हसूही आलं आणि कोणतं आधी येऊ द्यावं ते कळेना.

डॉक्टरीणबाई आल्या, रक्तदाब बघितला, टकळीची बोटं दाबून बघितली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, यंत्रात रक्त गोठू नये म्हणून एक औषध घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम जरा पकडून ठेवतं, म्हणून असं होतं. पुष्कळ मुलांना होतं. थोडं कॅल्शियम दिलं की जातं. "पण पहिल्या मिनिटाला सांगायला हवं. म्हणून तर तुला जागं ठेवलंय. तू सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?"

"आजोबांना कळलं," टकळी म्हणाली.

"आजोबा पाठ करून बसले होते, त्यांना उशिरा कळलं," आजोबा म्हणाले.  "आजोबांनी तुला अकरावं कलम सांगितलंच नव्हतं. सिस्टरना थाप मारली की सांगितलं म्हणून. चूक आजोबांची. नियमाची पण."

टकळीने या कबुलीवर विचार केला. "तुम्ही पाटी लिहिताना तुमच्या टाकीतले मासे बोलत नव्हते," ती म्हणाली. "म्हणून तसं लिहिलंत."

"हो. तसंच असणार."

"माझे बोलतात."

दहा मिनिटांत चावणं थांबलं. यंत्र पुन्हा नेहमीच्या वेगाने फिरू लागलं, आणि पस्तीस-चाळीस मिनिटं अडवून धरलेलं धरण फुटलं. टकळीने सिस्टरना वरचा ओठ आणि खालचा ओठ यांचा वेगवेगळा अहवाल दिला. नाकाला काही होत नाही, हे दर पाच मिनिटांनी कळवलं. यंत्राचा आवाज बाबांसारखा आहे, पण बाबा झोपलेले असतानाचा, असं सांगितलं. ते बाहेर बाबांना ऐकू गेलं आणि त्यांनी काचेतून हात हलवला. तिने चौदा टाक्यांची, त्यातल्या प्रत्येक माशाची आणि त्याच्या स्वभावाची माहिती दिली. बाराव्या टाकीपाशी सिस्टरनी हळूच आजोबांना विचारलं, "तुमच्याकडे 'थांब' अशी खूण नाही का?"

"नाही हो," आजोबा म्हणाले. "आम्हालाही आत्ताच कळलं की ती लागते."

एक वाजता यंत्र थांबलं. ठरल्याप्रमाणे जुनं पाणी दाखवण्यात आलं. सिस्टरनी पिशवी उजेडात धरली. फिकट पिवळं, नितळ, वाळलेल्या गवताच्या रंगाचं. टकळीने डोळे बारीक करून ते पारखलं, जशी ती दुकानात गिऱ्हाइकाने परत आणलेली पिशवी पारखायची.

"एवढं घाण दिसत नाही."

"बिघडलेलं पाणी दिसायला चांगलंच असतं," आजोबा म्हणाले. "तीच तर गोम असते."

"परवा पुन्हा?"

"परवा पुन्हा."

"मग परवा बाबांना आत बसवू," टकळी म्हणाली. "मी त्यांना आधी सगळं समजावून सांगते. बरणी इथेच ठेवा."

बाबांची समजूत काढायला तिला सोमवारचा सबंध दिवस लागला. अकरावं कलम तिने सर्वांत आधी सांगितलं. मंगळवारी बाबा आत आले, पायथ्याशी बसले आणि सव्वा तास टिकले. हा त्यांचा विक्रम आहे. त्या खेपेला मुंग्या आल्या तेव्हा टकळीने ते इतक्या खणखणीत आवाजात जाहीर केलं की शेजारच्या खोलीतल्या सिस्टरही कॅल्शियम घेऊन धावत आल्या.

पाच खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेनंतर उजव्या पायाचा अंगठा हलला. ही बातमी टकळीने आधी अंगठ्याला सांगितली, मग बाकीच्यांना. घरी सोडलं तेव्हा ती भिंत धरून उभी राहत होती. मग खुर्ची धरून चालू लागली. मग नुसतंच आजोबांचं बोट.

पावणेदोन महिन्यांनी एका सुट्टीच्या सकाळी ती दुकानात आली. तिने स्टूल बघितलं, हाताने मापलं. "बरोबर झालंय आता," ती म्हणाली. आजोबांच्या खांद्यावर एक हात ठेवून ती चढली. जरा वेळ लागला. पाय थरथरले. आजोबांनी उचलायला हात पुढे केले, ते तिने नजरेने परत पाठवले. वर पोचल्यावर तिने खिशातून खडू काढला, पाटीवरचा दुसरा नियम बाहीने पुसला आणि बराच वेळ, जीभ बाहेर काढून, काहीतरी लिहिलं. लिहिताना ती बोलत होतीच.

आजोबांनी चष्मा लावून वाचलं.

*पाणी बदलताना बोलावे. मुख्य म्हणजे माशांनी.*

"तिसरा ठेवलाय," टकळी म्हणाली. "तो बरोबर होता."

मग दोघांनी सात नंबरच्या टाकीचं पाणी बदलायला घेतलं. अर्ध्या तासाचं काम होतं, त्याला त्या दिवशी दोन तास लागले. मासे अजिबात बिचकले नाहीत. आजोबांच्या मते, त्यांना तोवर सवय झाली असावी.